सगळे दिवे हिरवे, तरी आकाश काळं

सांगली जिल्ह्यातल्या कवठे एकंदच्या दसऱ्याला औटगोळे, म्हणजे आकाशात जाऊन फुटणारे शोभेच्या दारूचे गोळे, बघत मी लहानाचा मोठा झालो. आता फ्लोरिडातल्या एका थीम पार्कमध्ये रात्रीच्या आतषबाजीच्या तांत्रिक टीममध्ये काम करतो. इथे शोभेच्या दारूला हात लावायचा तर आधी सरकारी तपासणी होते आणि नुसत्या वर्क व्हिसावर ती परवानगी मिळत नाही. त्यामुळे ग्रीन कार्ड होईपर्यंत मी साउंड आणि कंट्रोलच सांभाळत होतो. गेल्या उन्हाळ्यात आमचा शो बिघडला, तेव्हाची ही हकीकत.

पहिल्या रात्री शो सुरू होऊन सहा मिनिटं झाली होती. संगीत चढत चाललं होतं आणि नेमकं तिथेच आकाश काळं राहिलं. चार सेकंद. हजारो माणसं माना वर करून उभी असतात तेव्हा चार सेकंद फार लांब वाटतात. आमच्या स्क्रीनवर मात्र एकही दिवा लाल नव्हता.

आमच्याकडे वात पेटवायला कुणी जात नाही. प्रत्येक गोळ्याला ई-मॅच लावलेली असते. म्हणजे दोन तारा, आणि त्यांच्या टोकाला केसासारख्या बारीक तारेवर काडेपेटीच्या गुलासारखा मसाला. करंट गेला की ती तार तापते आणि मसाला पेटतो. हुकूम देतो कॉम्प्युटर. सेकंदाचे 30 तुकडे करून संगीत, दिवे आणि गोळे त्या एकाच घड्याळावर चालतात. तीन इंची गोळा सुमारे तीनशे फूट वर जाऊन फुटायला अडीच-तीन सेकंद घेतो. तो तालावर फुटायला हवा असेल तर हुकूम तेवढा आधी सुटावा लागतो. म्हणजे आकाश काळं दिसलं तेव्हा जमिनीवरची चूक होऊन गेली होती.

गोळा उडाला नाही तर 15 मिनिटं कुणीही जवळ जायचं नाही, हा नियम. शो संपल्यावर तेवढं थांबून आम्ही गेलो. एकाच मॉड्यूलवरचे, म्हणजे कॉम्प्युटरचा हुकूम गोळ्यांपर्यंत पोहोचवणाऱ्या एकाच पेटीवरचे, सहा गोळे नळ्यांत तसेच बसले होते. दुसऱ्या दिवशी ई-मॅच बदलल्या, मॉड्यूल बदललं, चाचणी घेतली. सगळं हिरवं. रात्री पुन्हा पाच गोळे राहिले, आणि त्यातले दोन आदल्या रात्री व्यवस्थित उडालेल्या जागांवरचे. तेव्हा मला खरी भीती वाटली. रोज एकच गोष्ट बिघडत असेल तर ती सापडते. जागा बदलणारा बिघाड माणसाला थकवून टाकतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी नेहमीची पावसाची सर येऊन गेली. मॅनेजरने विचारलं, ‘तेवढा भाग बंद ठेवून बाकीचा शो करता येईल का?’ आमच्या लीडच्या, म्हणजे टीमप्रमुखाच्या, हातात डेड मॅन स्विच असतो. तो दाबून धरलेला असेल तोवरच गोळे सुटतात, हात काढला की सगळं थांबतं. तो म्हणाला, ‘काय बिघडलंय ते कळल्याशिवाय मी हा दाबणार नाही.’ मी त्याच्या बाजूने उभा राहिलो. जो गोळा सुटत नाही, तो भलत्याच वेळी सुटणार नाही याची खात्री आम्ही कशावर देणार होतो? शो रद्द झाला. ‘तांत्रिक कारणामुळे’ अशी घोषणा झाली.

बाहेर पडताना कानावर मराठी आलं. बाबांच्या खांद्यावर बसलेली चार-पाच वर्षांची मुलगी विचारत होती, ‘फटाके कधी?’ मी थांबलो आणि म्हटलं, ‘बाळा, आज नाही गं.’ बाबा आधी चकित झाले, मग म्हणाले, ‘दादा, आमचं उद्या सकाळचं विमान आहे हो.’ गोळे का उडत नाहीत ते आम्हाला कळेना, म्हणून थांबवलं, असं मी सांगितलं. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, ‘मग बरोबर केलंत.’ मुलगी पाठमोरी होऊनही आकाशाकडेच बघत होती.

त्या रात्री घरी न जाता लॉग उघडून बसलो. सगळे हुकूम वेळेवर सुटले होते. पहाटेकडे एक गोष्ट लक्षात आली. दोन्ही रात्री राहिलेले गोळे एकाच क्षणी चार-चार, पाच-पाच सुटणारे होते. त्याच मॉड्यूलवरचे एकेकटे सुटणारे सगळे उडाले होते. आणि मला सांगलीच्या आयटीआयमधला सिरीज लॅम्प आठवला, म्हणजे तारेच्या वाटेत जोडून बघायचा साधा बल्ब. मीटर बीप करतो, तरी मोटर हलत नाही, तेव्हा सर म्हणायचे, ‘दिवा लावून बघ.’ आमची चाचणी मुद्दामच अगदी बारीक करंटने होते, नाहीतर चाचणीतच ई-मॅच पेटेल. तेवढा करंट कुजलेल्या जोडातूनही जातो. हिरवा दिवा फक्त वाट आहे एवढंच सांगतो. त्या वाटेने भार जाईल का, ते सांगत नाही.

सकाळी त्या रॅकचे, म्हणजे नळ्यांच्या त्या चौकटीतले, सगळे गोळे काढले, केबल दोन्ही टोकांनी मोकळी केली आणि एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला गाडीचा बारा व्होल्टचा बल्ब लावला. शेजारच्या रॅकच्या केबलवर तो लख्ख पेटला. आमच्या केबलवर विझत्या विडीच्या टोकाएवढा लाल. केबल चाचपत तळ्याकाठच्या जंक्शन बॉक्सपर्यंत गेलो. झाकणाचं रबर चपटं झालेलं, आत ओल. कनेक्टरच्या एका पिनेवर हिरवा थर होता, कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात चढतो तसा. परतीची तार सगळ्या गोळ्यांना एकच, आणि तीच त्या पिनेतून जात होती. एकट्या गोळ्यापुरता करंट ती कसाबसा पुरवत होती, पाचांना पुरवायची तिची ताकद उरली नव्हती.

कनेक्टर बदलला, रबर बदललं, बॉक्स जमिनीपासून हातभर वर घेतला. बल्बची चाचणी आता आमच्या यादीत आहे, दर आठवड्याला. लीडने तो बल्ब माझ्या हातातून घेतला आणि आपल्या खिशात टाकला.

त्या रात्री सहाव्या मिनिटाला मी स्क्रीनकडे बघितलंच नाही, दार उघडून बाहेर आलो. पाच गोळे एकदम फुटले, प्रकाश आधी आणि धडाका मागून. उजाडल्यावर मैदान झाडायला गेलो, तर त्या रॅकमधले सगळे नळे रिकामे होते आणि दवाने भिजलेला जळका कागद बुटांना चिकटत होता.