चोर्ला उतरून जुन्या गोव्यात: चर्चच्या भिंती बघताना

बेळगाव-खानापूरच्या माणसाला जुना गोवा परका नाही. नोव्हेंबर संपत आला की इकडचे कितीतरी भाविक गोंयच्या सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्तासाठी पायी घाट उतरतात. बाकीचे आपण पणजीला जाता जाता तासभर थांबतो, झेवियरच्या पेटीपुढच्या रांगेतून फिरून येतो, दोन फोटो काढतो आणि समुद्राकडे पळतो. या वेळी मी ठरवून भिंती बघायला गेलो आणि बरोबर खानापूरकडच्या नात्यातले एक काका घेतले. काकांनी जन्मभर गवंडीकाम केलं. जांभ्याच्या चिऱ्यात हयात गेलेल्या माणसाबरोबर ही चर्च बघणं म्हणजे काय, ते त्यांच्या मागून फिरताना कळलं. तुमच्या घरात, गल्लीत असा कुणी जुना गवंडी असेल तर त्याला नक्की बरोबर न्या.

घाटाकडे निघण्याआधी बेळगावच्याच कॅम्पात एक सकाळ काढा असं मी सुचवेन. फातिमा कॅथेड्रल हे बेळगाव धर्मप्रांताचं मुख्य चर्च. हा धर्मप्रांत १९५३ साली झाला, तोही गोव्याच्या आर्चबिशपकडचा काही भाग आणि पुणे धर्मप्रांताचा काही भाग एकत्र करून. म्हणजे तोवर इथल्या काही कॅथलिकांचा धर्मकारभार पोर्तुगीज गोव्यातून चाले आणि काहींचा पुण्याकडून. पुढे १९७६ मध्ये यातूनच कारवार वेगळा झाला. गोव्याशी असलेलं हे नातं डोक्यात ठेवून घाट उतरलं की जुना गोवा नुसतं पर्यटनस्थळ वाटत नाही. कॅम्पातलंच सेंट मेरीज हे दगडी चर्च कॅथलिक नव्हे, ते इंग्रजांच्या अँग्लिकन पंथाचं. तरीही ते बघाच. त्याच्या टोकदार कमानी डोळ्यांत भरून घेतल्या की गोव्यातल्या अर्धगोल कमानी वेगळ्या का वाटतात ते लगेच उमगतं. आत जायचं असेल तर आधी विचारून घ्या, आणि प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा.

रस्ता जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी असा. सकाळी सहाला निघालात तर घाट मोकळा मिळतो. जून ते सप्टेंबर धुकं आणि दरडी या दोन्हींचा विचार करा, निघण्याआधी रस्त्याची चौकशी करा, आणि अंधारात घाट टाळा. कणकुंबीला दहा मिनिटं थांबून माउलीच्या देवळाजवळचा मलप्रभेचा उगम बघून घ्या. पाऊस ओसरल्यावरचे दिवस सगळ्यांत चांगले. बसने जायचं असेल तर बेळगाव-पणजी गाड्या आहेत. पणजीहून जुना गोवा नऊ-दहा किलोमीटर, आणि बस सारख्या असतात.

स्वतःची गाडी असेल तर साखळीहून फोंड्याकडे न वळता डिचोलीवरून नार्व्याला जा. हा फेरा माझ्या मते या प्रवासातला सगळ्यांत मोलाचा. नार्व्यात सप्तकोटेश्वर आहे. गोव्याच्या कदंब राजांचं हे दैवत मुळात नदीपलीकडे दिवाडी बेटावर होतं. पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ पाडल्यावर देव अलीकडे आला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. या देवळाला शिखराच्या जागी घुमट आहे, पुढे दीपमाळ आहे. चर्च बघायला निघालेल्या माणसाने आधी इथे यावं, कारण पुढे जे भव्य दिसणार आहे ते उभं राहण्याआधी काय पाडलं गेलं हे ठाऊक असायलाच हवं. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं. ते झाकून या वास्तूंचं कौतुक करणं मला पटत नाही. आणि त्या इतिहासापायी चारशे वर्षांच्या कारागिरीकडे पाठ फिरवणंही पटत नाही. तो दगड घडवणारे हात बहुतेक इथल्याच माणसांचे होते.

नार्व्याहून फेरीबोटीने दिवाडीवर उतरायचं. गाडी बोटीवर चढते. बेटाच्या टेकडीवर पिएदादचं चर्च आहे, आणि शेजारच्या दफनभूमीतल्या छोट्या चॅपेलमध्ये कदंबकाळच्या देवळाचं कोरीव दगडी काम टिकून आहे. टेकडीवरून मांडवीपलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे झाडांतून वर आलेले दिसतात. मग दुसरी फेरी, आणि उतरल्यावर समोर व्हाइसरॉयची कमान. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय असताना, सोळाव्या शतकाच्या शेवटी, ती पणजोबाच्या स्मरणार्थ उभारली. नवा व्हाइसरॉय इथूनच शहरात शिरायचा. आज दिसते ती १९५४ मध्ये पुन्हा बांधलेली. रस्त्याने थेट आलात तर हा प्रवेश चुकतो, आणि शहर मागच्या दाराने बघितल्यासारखं होतं.

कमानीतून वर येताना डावीकडे सेंट कॅजेतान. थिएटाइन संघाच्या इटालियन पाद्र्यांनी सतराव्या शतकात बांधलेलं हे चर्च रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर आहे, मधोमध घुमट आणि पुढे मोठे कोरिंथियन खांब. त्याच्या आवाराजवळ एक एकटी काळ्या दगडाची चौकट उभी आहे. आदिलशहाच्या वाड्याचं तेवढंच उरलंय. आपण विजापूरच्या मुलखातली माणसं, त्या चौकटीवरची घडाई ओळखीची वाटते.

पुढे से कॅथेड्रल. पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द आल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा जिंकला, तो दिवस संत कॅथरीनचा, म्हणून हे तिच्या नावाचं. बांधकाम १५६२ मध्ये सुरू झालं, इमारत १६१९ मध्ये उभी राहिली आणि आतल्या वेद्या व्हायला १६५२ उजाडलं. दर्शनी बाजूला एकच मनोरा आहे. दुसरा १७७६ मध्ये कोसळला, पुन्हा बांधला नाही. उरलेल्या मनोऱ्यात ती प्रसिद्ध 'सोन्याची घंटा', नावापुरतीच सोन्याची. काका मात्र घंटेपेक्षा भिंतीपाशी रेंगाळले. आत जांभा, बाहेर चुन्याचा गिलावा आणि वर पांढरी. पावसात शेवाळ काळं पडतं, मग पुन्हा रंग. "भिंत कोरडी आहे बघ," ते म्हणाले, "वरून कितीबी काळी दिसू दे."

शेजारचं सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी घाईत बघू नका. सध्याची इमारत १६६१ ची, पण काळ्या दगडातलं प्रवेशद्वार आधीच्या चर्चमधून तसंच ठेवलंय. मॅन्युएलीन, म्हणजे पोर्तुगालच्या राजा मॅन्युएलच्या काळातल्या धाटणीचं, गोव्यात फार कमी उरलेलं. आत पायाखाली थडग्यांच्या फरश्या आहेत, त्यांवर घराण्यांची चिन्हं कोरलेली. लागूनच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. वीरगळ, सतीशिळा, शिलालेख आणि पोर्तुगीज गव्हर्नरांची चित्रं एकाच छपराखाली. आपल्याकडच्या गावागावांत वीरगळ बघितलेल्यांना तिथे फार जिव्हाळा वाटेल. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, तो वार टाळा.

आणि रस्त्याच्या पलीकडे बॉम जेझस. १५९४ मध्ये पाया, १६०५ मध्ये प्रतिष्ठा. दर्शनी भिंत तीन मजल्यांची, वर टोकाला जेझुइट धर्मसंघाचं चिन्ह. मुख्य दगड जांभा, नक्षीकाम काळ्या दगडातलं. हा काळा दगड वसईकडून आणलेला. गोव्यात जांभा हवा तेवढा, पण त्यावर बारीक कोरीवकाम टिकत नाही, म्हणून नक्षीपुरता बसाल्ट जहाजाने आणला. आत झेवियरची समाधी फ्लॉरेन्सच्या जोवान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या शिल्पकाराची. ती तस्कनीचा ड्यूक तिसरा कोझिमो याची भेट, आणि १६९८ मध्ये इथे बसली. तिच्यावरची चांदीची पेटी मात्र गोव्याच्या सोनारांनी १६३७ च्या सुमारास घडवली. संगमरवर इटलीचा आणि चांदीकाम इथलं. दोन्ही एका जागी इतकं जवळून बघायला मिळतं, म्हणून रांगेत घाई करू नका. दर दहा वर्षांनी होणारा शवप्रदर्शन सोहळा नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये झाला.

बॉम जेझस लाल दिसतं, सगळ्यांना ते लाल आवडतं आणि तसंच ते जन्मापासून असावं असं वाटतं. तसं नाही. त्याला इतर चर्चसारखाच गिलावा होता. १९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच, जुनेपणा दिसावा म्हणून तो खरवडून काढला. काका भिंतीच्या कडेने चालत गेले आणि पायथ्याशी साचलेल्या लाल रव्याकडे बोट केलं. "झरायलाय की चिरा. अंगावर गिलावा नाही, पाऊस सरळ आत शिरायलाय. चिरा सोसतो, पण किती सोसेल?"

त्यांनी पुढे जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो, कारण ते सांगणारी पिढी आता थोडी उरलीय. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, तासावा तसा तासता येतो, हवा लागली की घट्ट होतो. पण तो भोकाभोकांचा दगड, पाणी धरतो. म्हणून त्याला कातडी लागते, ती चुन्याची. शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा चुना भट्टीत भाजायचा, पाण्यात विझवून मुरत ठेवायचा, मग चुन्याच्या घाण्यात वाळूबरोबर मळायचा. गुळाचं पाणी, हिरड्याचा काढा घालायचा. हा गिलावा पाऊस अडवतो आणि आत गेलेली ओल बाहेरही सोडतो. सिमेंट पाणी अडवतं, पण आतली ओल कोंडून ठेवतं, आणि कोंडलेली ओल चिरा फोडते. बॉम जेझसला पुन्हा चुन्याचा गिलावा द्यावा ही मागणी २०२० मध्ये तिथल्या रेक्टरांनीही, म्हणजे प्रमुख पाद्र्यांनीही, जाहीरपणे केली होती. मला ती शंभर टक्के योग्य वाटते. लाल भिंतीची सवय झालीय म्हणून ती वितळू द्यायची, हे कसलं वारसाप्रेम? खानापूर तालुक्यात जांभ्याच्या जुन्या वाड्यांचा गिलावा पाडून "दगड उघडा छान दिसतो" म्हणणाऱ्यांनीही इथे येऊन तो लाल रवा बघावा.

पुढे चढण आहे. मोन्ते सांतो टेकडीवरचं सेंट ऑगस्टिन. साधारण ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा अर्धाच भाग आकाशात उभा आहे. १६०२ मध्ये पुरं झालेलं हे चर्च १८३५ मध्ये धार्मिक संघांवर बंदी आल्यावर ओस पडलं, १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग आणि दर्शनी भिंत गेली. त्याची घंटा आज पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये वाजते. छत गेलं की गिलावा जातो आणि मग चिरा जातो, हा क्रम इथे भिंतीभिंतीवर वाचता येतो. कुठेकुठे रंगीत पोर्तुगीज फरश्या अजून चिकटलेल्या आहेत. इथल्याच उत्खननात जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अवशेष सापडले. १६२४ मध्ये इराणमधल्या शिराझला तिला मारलं, ऑगस्टिनियन पाद्र्यांनी अस्थी इथवर आणल्या. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने डीएनए तपासून ओळख पटवली, आणि २०२१ मध्ये भारताने त्यांचा एक भाग जॉर्जियाला दिला. शेवाळलेल्या चिऱ्यावर पाय घसरतो, चप्पल नको, पकड असलेले बूट घाला. काकांसारखं कुणी वयस्कर बरोबर असेल तर ही टेकडी उन्हाआधी सकाळीच करून घ्या.

इथून खाली चालत गेलात तर रोझरी चर्च. बहुतेक लोक ते सोडतात. सोळाव्या शतकाच्या मध्याचं, गोल बुरुजांचं, किल्ल्यासारखं बसकं चर्च. आत गव्हर्नर गार्सिया द सा याच्या पत्नीचं थडगं आहे, त्यावर गुजराती धाटणीचं कोरीवकाम. पोर्तुगीज बाईच्या थडग्यावर हिंदुस्थानी नक्षी, आणि तेही जुन्या गोव्याच्या पहिल्या पिढीत.

काही साध्या सूचना. गुडघे आणि खांदे झाकलेले कपडे घाला. रविवारी सकाळी मिस्सा असतात, तेव्हा नुसतं बघायला जाऊ नका, दुपारपासून जा. वेदीपुढे उभं राहून फोटो काढू नका. भिंतींना हात लावू नका, बॉम जेझसच्या तर मुळीच नाही. २४ नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, आणि ३ डिसेंबरला फेस्त, त्या दिवसांत भक्तीसाठी जा, वास्तू बघायची असेल तर दुसरे दिवस निवडा. मुक्काम पणजीत करा, जेवणाची सोयही तिथे बरी.

हातात आणखी एक दिवस असेल तर सासष्टीतलं राशोल गाठा. टेकडीवरच्या सेमिनरीला, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेला, लागून सेंट इग्नेशियसचं चर्च आहे, भिंतींवर जुनी चित्रं आहेत, आणि जवळच जुन्या किल्ल्याची वेस उभी आहे. मराठी माणसाला राशोलचं अगत्य वेगळ्या कारणाने असायला हवं. इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सने मराठीत, ओवीछंदात लिहिलेलं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये इथेच छापलं गेलं, रोमन लिपीत. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. सेमिनरी ही चालू शिक्षणसंस्था आहे, त्यामुळे आत जाण्याआधी दारावर परवानगी घ्या.

राशोलहून परतताना चोर्ल्याला पुन्हा जायची गरज नाही. फोंडा, मोले, अनमोड, रामनगर, लोंढा, खानापूर असा रस्ता सोयीचा पडतो. मालवाहू गाड्यांची गर्दी असते, म्हणून दुपारी तीनच्या आत निघा, म्हणजे अनमोड घाट उजेडात होईल.