त्र्याऐंशी म्हटलं की नमस्कार

चावतो, भुंकतो, सोफा फाडतो, जिन्यात मुततो. मी कुत्र्यांचा ट्रेनर, माझं पोट या चार तक्रारींवर चालतं. ‘कुत्रा नमस्कार विसरला’ म्हणून मात्र मला पहिल्यांदाच कोणी बोलावलं.

कोथरूडमधलं घर. बंड्या नावाचा गावठी, एक कान उभा, एक पडलेला. नमस्कार म्हणजे पुढचे पाय पसरून छाती जमिनीला, ढुंगण वर. दोन पायांवर उभं राहून पुढचे पंजे जोडायचा रील्समधला नमस्कार मी लहान पिल्लांना शिकवत नाही, कंबरेची वाट लागते. हा बरा. शिकवला आजोबांनी. निवृत्त गणित शिक्षक, वर कंपवात. कसा शिकवलात विचारलं तर म्हणाले, “झोपून उठला की आळस देतो ना, तेव्हा ‘नमस्कार कर’ म्हणायचं आणि मारी बिस्किटाचा कण पुढे करायचा.” आमच्या धंद्यात याला कॅप्चरिंग म्हणतात आणि त्याचे कोर्स विकले जातात. कणसुद्धा ज्वारीच्या दाण्याएवढा! लोक अख्खं बिस्कीट कोंबतात, मग पाच मिनिटांत पोट भरलेला कुत्रा पंख्याकडे बघत बसतो.

आधी एक ट्रेनर येऊन गेला होता. “माजलाय, चोक चेन घाला,” असा सल्ला आणि फी घेऊन गेला. आमच्यात असे बरेच आहेत. कुत्रा ऐकत नाही म्हणजे कुत्र्याचाच दोष, यापलीकडे त्यांचं निदान जात नाही.

मी आधी दुखणं तपासलं. कोपर किंवा पाठ दुखत असेल तर कुत्रा वाकायचं टाळतो. पण चेंडू दाखवल्यावर बंड्या छान वाकला. म्हणजे अंग ठीक, प्रश्न खुणेचा. सूनबाईंच्या मोबाइलमधले जुने व्हिडिओ मागितले आणि वेग कमी करून पाहिले. आजोबा खुर्चीत, हात गुडघ्यावर, चिमटीत बिस्कीट. “नमस्कार कर.” बंड्या ढिम्म. मग गुडघ्यावरचा हात थरथरू लागतो, अंगठा आणि तर्जनी गोळी वळल्यासारखी फिरतात, बंड्याची नजर तिकडे जाते आणि तो वाकतो. प्रत्येक व्हिडिओत हाच क्रम.

“औषध बदललंय का?” मी विचारलं. डॉक्टरांनी डोस वाढवला होता. हात थांबला आणि नमस्कारही थांबला.

बर्लिनच्या हान्स नावाच्या घोड्याची गोष्ट आम्हाला तोंडपाठ असते. खूर आपटून तो गणितं सोडवायचा. 1907 साली ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की घोडा माणसाच्या मानेची बारीकशी हालचाल वाचतोय. आजोबांना ती सांगितली. ते म्हणाले, “म्हणजे माझ्या शब्दाला किंमत नाहीच. शाळेतही नव्हती.”

आता खूण बदलायची. नियम सोपा: नवी खूण आधी, जुनी नंतर, मध्ये क्षणभर जागा. दोन्ही एकदम दिल्या तर कुत्रा जुनीच धरतो. पण इथे जुनी खूण म्हणजे थरथर, आणि ती आणायची कुठून? माझी नक्कल बंड्याने तुच्छतेने पाहिली. आजोबाच म्हणाले, “डॉक्टर शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, मन गुंतलं की हात हलतो.” पण गणिताच्या मास्तरांना सात वजा करायला कसला ताण? हात जागचा हलेना. सतरा केले. “नमस्कार… त्र्याऐंशी… सहासष्ट… एकोणपन्नास…” हात थरथरला, बंड्या वाकला, मी “येस” म्हणालो, आजोबांनी कण दिला. क्लिकर, म्हणजे ‘बरोबर केलंस’ हे कुत्र्याला टक्‌ आवाजाने सांगणारी डबी, दिलाच नाही. त्या हातात तो भलत्या वेळी वाजला असता.

पुढच्या भेटीपर्यंत आजोबांना आकडे पाठ झाले, हात पुन्हा शांत. तरी बंड्या वाकत होता. सूनबाई खूश होऊन म्हणाल्या, “नमस्कार!” काही नाही. आजोबा हळूच म्हणाले, “त्र्याऐंशी.” छाती जमिनीला.

शास्त्राप्रमाणे बंड्याचं काही चुकलं नव्हतं. ‘नमस्कार’ हा आवाज त्याने इतकी वर्षं ऐकून सोडून दिला होता. त्यापेक्षा कोरा, नवा शब्द त्याने उचलला. सूनबाई वैतागल्या. “पाहुण्यांसमोर त्र्याऐंशी काय म्हणायचं?” मी त्यांना पुढचा क्रम कागदावर लिहून दिला: आधी नमस्कार, मग त्र्याऐंशी, हळूहळू आकडा गाळा. आजोबा तो पाळणार नाहीत, हे मला तिथेच दिसत होतं. आल्यागेल्याला “शंभरातून सतरा गेले किती?” विचारायची त्यांना आता चटक लागली आहे.

माझ्या डोक्यातून मात्र तो व्हिडिओ जात नाही. आता मी प्रत्येक मालकाला कुत्र्याकडे पाठ करून, हात मागे बांधून, अजिबात न हलता उभं राहून एकदाच “बस” म्हणायला लावतो. खाऊची पिशवी माझ्याकडे. बरीच कुत्री नुसती उभी राहतात. मालक म्हणतात, “आज मूड नाही त्याचा.”