पौर्णिमेला सुट्टी

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी टांगलेल्या कॅलेंडरवर आईच्या निळ्या पेनाच्या खुणा असतात. दूध आलं नाही, सिलिंडर लावला, संकष्टी. गेल्या वर्षी त्यात माझ्या लाल पेनाच्या खुणा घुसल्या. मी अमावस्यांना गोल करायला लागलो. पहिला गोल बघून आई काही बोलली नाही. तिसरा दिसल्यावर तिने हळूच विचारलं, "तुला कुणी काही करायला सांगितलंय का?"

कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मी दुर्बीण घेतली होती.

सहा इंची आरशाची, डॉब्सोनियन. नळी माझ्या कमरेच्या वर येणारी, आणि खाली लाकडी खोक्यासारखी फिरती बैठक. हाताने ढकलायची, हाताने थांबवायची. मोटर वगैरे काही नाही. ही सोपी बैठक जॉन डॉब्सन या माणसामुळे जगभर पसरली. हा सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत मठात रामकृष्ण परंपरेतला संन्यासी होता. जहाजाच्या गोल खिडक्यांच्या जाड काचा घासून तो आरसे करायचा, पुठ्ठ्याच्या नळ्या वापरायचा. या नादापायी १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. मग रस्त्याच्या कडेला दुर्बीण लावून तो येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र दाखवत उभा राहिला. हे आईला सांगितल्यावर तिचा सूर जरा बदलला. "संन्याशाची आहे होय," म्हणत तिने हॉलमधलं शोकेस एक फूट सरकवू दिलं.

मी दुर्बीण घेतली २०२५ च्या मे महिन्यात. त्या वर्षी पावसाने मृगाचीसुद्धा वाट बघितली नाही, मे संपायच्या आत तो पुण्यात हजर. गंमत अशी की मला पहिल्यांदा मृगच बघायचा होता, आकाशातला. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग 'लागतो' म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात जातो. म्हणजे पंचांगात, पेरणीत, घरोघरच्या गप्पांत मृग असतो तेव्हाच तो आकाशात सूर्याच्या उजेडात बुडालेला असतो. ढग नसते तरी दिसला नसता. मी चार महिने आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं, डब्यात बंद करून, बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या गोळा करत बसलो. दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते, एवढं एक ज्ञान त्या पावसाळ्यात मिळालं.

मधूनच ऊन पडलं तेव्हा फाइंडर जुळवून घेतला. मोठ्या नळीवर बसवलेली ही छोटी दुर्बीण. दोघींची नजर एका जागी असावी लागते, नाहीतर फाइंडरमध्ये गुरू आणि मोठ्या नळीत काळोख. हे काम दिवसा करायचं, सूर्याकडे पाठ करून, लांबची एखादी वस्तू धरून. मी एक मोबाइल टॉवर धरला. आरशाच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, त्यामुळे टॉवरला कावळा वटवाघळासारखा लटकलेला. सोसायटीचे सेक्रेटरी गच्चीवर आले, कावळा बघितला आणि म्हणाले, "म्हणजे अजून नीट बसवली नाही वाटतं." त्यानंतर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. तो सगळेच विचारतात: "किती पट?"

याचं खरं उत्तर लोकांना आवडत नाही. नळीची लांबी १२०० मिलिमीटर म्हणून धरा, तिला आयपीसच्या आकड्याने भागा. २५ चा आयपीस लावला तर ४८ पट, १० चा लावला तर १२०. खेळण्यातल्या दुर्बिणींच्या खोक्यांवर पाचशे पट लिहिलेलं असतं, तेव्हा ४८ ऐकून माणसाचा चेहरा पडतो. मी बहुतेक वेळ ४८ वरच असतो. वाढवाल तितका अंधूकपणा वाढतो, थरथर वाढते, आणि मुख्य म्हणजे पृथ्वी फिरताना दिसायला लागते. १२० पटीला गुरू मध्यावर आणून बाजूला झालं की मिनिटभरात तो कडेला पोचतो. तळमजल्याच्या काकू गुडघे सांभाळत जिना चढून येईपर्यंत, नाव सांगितलेला ग्रह निघून गेलेला असतो.

कोजागिरीला गच्चीवर दूध होतंच. दुर्बीण घेऊन येण्याचा आग्रह झाला. मी पुरेपूर सांगून बघितलं की पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीला वर्ज्य आहे. कोण ऐकतो! रांग लागली. पातेल्यातल्या दुधासारखाच तो चंद्र, पांढरा, सपाट, डोळा दिपवणारा. पौर्णिमेला ऊन चंद्रावर समोरून पडतं, सावल्याच नसतात, आणि सावली नाही तर खड्डा दिसणार कसा? मुलांना आवडला, मोठ्यांनी "छान, छान" केलं आणि ते दुधाकडे वळले. तोच चंद्र सप्तमी-अष्टमीला बघावा. उजेड आणि अंधार जिथे भेटतात त्या रेघेवर खड्ड्यांच्या कडा अशा उठून दिसतात की बोट लावलं तर खरचटेल. पण अष्टमीला गच्चीवर दूध नसतं, माणसंही नसतात. चतुर्थीची कोरही फार सुंदर, पण भाद्रपदातल्या चतुर्थीला चंद्राकडे बघायचं नाही हे स्यमंतक मण्याच्या गोष्टीपासून पक्कं आहे. त्या दिवशी आईने खबरदारी म्हणून गच्चीची किल्लीच ठेवून घेतली. पाऊस होता, तरी.

एकूण सणांचा चंद्र वेगळा आणि दुर्बिणीचा वेगळा. पौर्णिमेच्या उजेडात बाकीचं आकाश धुऊन निघतं, म्हणून पौर्णिमा माझी सुट्टी आणि अमावस्या कामाचा दिवस. पावसाळ्यानंतरची पहिली मोठी अमावस्या कोणती, तर लक्ष्मीपूजन! चंद्र नाही, ढग नाहीत, आणि अख्खं शहर आकाशकंदील लावून फटाक्यांच्या धुरात. त्या रात्री मी करंज्या खाल्ल्या.

शनी मात्र आईला दाखवायचाच होता. तिची रास मकर. राशींच्या हिशोबाने शनी साधारण अडीच वर्षं एका राशीत, अशा तीन राशी म्हणजे साडेसाती. बारा राशी फिरायला त्याला तीस वर्षं लागतात आणि दुर्बीणवाल्यांचाही हिशोब साडेएकोणतीसचा आहे. एवढ्यावर आमचं दोघांचं एकमत. आईची साडेसाती २०२५ च्या मार्चमध्ये संपली. नेमक्या त्याच मार्चमध्ये पृथ्वी शनीच्या कड्यांच्या पातळीतून गेली आणि कडी आपल्याकडे धार करून उभी राहिली. नोव्हेंबरातसुद्धा ती एका केसाएवढी रेघच होती. मी आईला म्हटलं, पाच मिनिटं वर ये. ती आली, नळीपाशी उभी राहिली, आणि वाकलीच नाही.

"गेली ना आता साडेसाती? मग आपण होऊन कशाला ओळख दाखवायची?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही गुरू उगवायची वाट बघितली. त्याचे चार उपग्रह एका ओळीत बघून ती खूश झाली. गुरूबद्दल तिची तक्रार नव्हतीच.

डिसेंबरात ऑफिसमधला लातूरकडचा मित्र म्हणाला, "अमावस्येचं एवढं वेड आहे तर आमच्याकडे चल." त्यांच्याकडे मार्गशीर्ष अमावस्या म्हणजे येळवस, वेळा अमावस्या. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी गावं ओस पडतात, कारण सगळे शेतात जेवायला. नळी मागच्या सीटवर आडवी ठेवली, पट्टा लावला, आणि पुण्याहून निघालो. आयुष्यात पहिल्यांदा अमावस्येला मला कुणी बोलावलं होतं. दुपारी कडब्याच्या कोपीपुढे पूजा झाली, भज्जी झाली, आंबील झालं. भज्जी म्हणजे तळलेली भजी समजून मी पानात जागा ठेवली होती. आली ती शेंगांच्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची दाट भाजी. मी तीनदा घेतली.

संध्याकाळी बाकीचे गावात परतले. आम्ही तिघं मागे राहिलो: मी, मित्र आणि त्याचे चुलते. नऊच्या सुमारास मृग चांगला वर आला. चुलत्यांना ओळख करून द्यायची गरजच नव्हती. चार पाय, पोटात घुसलेला बाण, मागे व्याध, त्यांनीच मला दाखवलं. मी त्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली नळी वळवली आणि त्यांना डोळा लावायला सांगितलं. तिथे मृगातला तेजोमेघ आहे. फोटोत गुलाबी-जांभळा दिसतो, डोळ्याला मात्र फिका, करडा. तिथून प्रकाश निघाला त्याला सुमारे १,३०० वर्षं झाली, तेव्हा इकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. हे मी सांगणार होतो, पण ते बराच वेळ डोळा काढेनात.

"धूर हाय का ह्यो?"

मी म्हटलं, वायू आहे, धूळ आहे, त्यातून नवे तारे तयार होतायत. मधे चार चिमुकले दिसतायत ना, ते त्यातलेच.

"मंग बराबर. चुलीत जाळ धरायच्या आधी धूरच व्हतो," ते म्हणाले आणि मित्राला हाक मारली, "ये, बघ, पेटतंय."

थंडी वाढली, नळीवर दव जमलं. झाकणं लावत होतो तेवढ्यात आईचा फोन. अमावस्येची रात्र, परक्या गावात, उघड्या रानात. मी तयारीत होतो.

"जेवलास का?"

"जेवलो."

"चंद्र नाहीये ना?"

"नाही."

"मग बरंय," आई म्हणाली.