किती कुर्ते पुरतात?

‘मोजक्या कपड्यांत राहायचं ठरवलंय, तर नेमके किती ठेवायचे?’ असं विचारणाऱ्यांना सहसा एक आकडा हवा असतो. इंटरनेटवर तो मिळतोही: तीन महिन्यांना तेहेतीस नग. पण हे गणित बाहेरून आलेलं आहे. न्यूयॉर्कची फॅशन डिझायनर डोना कॅरन हिने १९८५ साली सात कपड्यांचा जो गाजलेला संच आणला, तोही तिथल्या नोकरदार बायकांचा विचार करून. थंड हवेत जॅकेट अंगाला लागत नाही, स्वेटर चारदा घातला तरी खपतो. ठाण्याहून लोकलने दादर गाठणाऱ्या बाईचा कुर्ता संध्याकाळी घामेजलेला असतो, तो दुसऱ्या दिवशी घालायची सोयच नाही. त्यामुळे इथे आकडा ठरतो वाळत घालायच्या दोरीवर.

हिशेब जुलैचा धरा, कारण तोच सगळ्यात वाईट. मध्यम जाडीचा सुती कुर्ता पंख्याखाली उलटापालटा करूनही वाळायला दोन दिवस घेतो. एक अंगात, एक धुण्यात, दोन दोरीवर, एक इस्त्रीवाल्याकडे आणि एक हाताशी. झाले सहा. नागपूरला मे महिन्यात सकाळी टाकलेला कुर्ता दुपारी जेवायच्या आत कडकडीत होतो, तिथे चारांत भागेल. खाली तीन पुरतात, कारण सैल पँट किंवा पलाझो एरवी दोनदा घालता येते. लेगिंग्जना ही सवलत नाही, त्या रोज धुवाव्या लागतात. आणि जीन्स पावसाळ्यात बादच समजा. कमरेचा पट्टा आणि खिशांचं अस्तर तिसऱ्या दिवशीही ओलसर राहतं आणि कुबट वास तिथूनच धरतो. घालायचीच असेल तर उलटी करून, खिसे बाहेर काढून, कमरेला दोन-तीन चिमटे लावून उघडी टांगा.

सहा कुर्ते आणि तीन पँट म्हणजे अठरा जोड्या, हे कागदावर छान दिसतं. पण तिसरी पँट ऑफव्हाइट असेल तर पावसाचे चार महिने ती चिखलाच्या शिंतोड्यांमुळे कपाटातच राहणार, म्हणजे उरल्या बारा. काळी, गडद निळी आणि मेंदी रंगाची घ्या. प्रत्येक कुर्ता तिन्हींवर जात नसेल तर तो कितीही आवडला तरी या हिशेबात बसत नाही.

कापडाबाबत जरा खडूस व्हावं लागतं. रेयॉन झुळझुळीत दिसतं, पण ओलं झालं की त्याची ताकद घटते. पिळलं की शिवणीपाशी विरतं. शंभर टक्के पॉलिएस्टर झटपट वाळतं, पण घामाचा वास धरून ठेवतं. रोजच्या वापराला कॅम्ब्रिक किंवा पॉपलिनसारखं सुती कापड किंवा अस्तराशिवायची मलमल बरी. शिवून घेणार असाल तर सुती कापड आधी पाण्यातून काढा. पाच टक्के आटलं तरी ४२ इंची कुर्ता दोन इंचांनी वर जातो. टेलरला दोन्ही बाजूंना इंचभर माया, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड, सोडायला सांगा. सहाच कपडे असताना एक जरी घट्ट झाला तरी सगळी साखळी अडते, आणि माया असली की शिवण उसवून काम भागतं.

रंग जाण्याची परीक्षा दुकानातून आणल्या आणल्या करा. पांढरा रुमाल ओला करून आतल्या शिवणीवर दहा-बारा वेळा घासा. रुमाल रंगला तर तो कुर्ता कायम वेगळा धुवावा लागणार. कमी कपड्यांत वेगळी बादली परवडत नाही, म्हणून परत करता येत असेल तर करा. मिठाच्या पाण्यात भिजवून कच्चा रंग पक्का होत नाही, कितीही जणींनी सांगितलं तरी.

यात पैसे वाचतात का? फारसे नाही. सहा कुर्ते आणि आठवड्याचे सहा दिवस म्हटलं की प्रत्येकाच्या वाट्याला वर्षात ५२ धुलाया येतात. वीस कुर्ते असते तर पंधरा-सोळा आल्या असत्या. काखेतलं कापड आधी जातं, मग गळ्याची पट्टी. सहाही एकदम घेतले तर सहाही एकदमच विटतात आणि पुन्हा मोठा खर्च येतो. त्यापेक्षा दर चार महिन्यांनी दोन बदला. उतरलेले घरी वापरा, पण मग घरातले दोन बाहेर काढा, नाहीतर कपाट तेवढंच भरलेलं राहतं.

लग्नसराईच्या साड्या या मोजणीत धरू नका. तिथे ‘हीच मागच्या वेळी नेसली होतीस ना’ म्हणणारी एखादी आत्या असतेच, आणि तिच्याशी वाद घालून उपयोग नसतो. मात्र साड्यांतही अडतं ते ब्लाउजपाशी. एक काळा, एक सोनेरी आणि एक गडद मरून असे तीन नीट बसणारे ब्लाउज असले तर सात-आठ साड्या निघतात. प्रत्येकाला काखेत घामाचे पॅड लावून घ्या, ते सुटे काढून धुता येतात. जरीची साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता जुन्या सुती कापडात गुंडाळा आणि तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घाला. एकाच घडीवर राहिली की जरीची तार तिथेच तुटते.