जीआय बिलावर हेलिकॉप्टर शिकायचं, तर आधी दोनशे तासांचा हिशोब मांडा

अमेरिकी सैन्यातून बाहेर पडलेल्या आणि हेलिकॉप्टर पायलट व्हायचं मनात असलेल्या कुणालाही पहिल्यांदा हेच ऐकायला मिळतं, की ‘जीआय बिल सगळे पैसे भरतं.’ शाळांचे विक्रेतेही हेच सांगतात. (जीआय बिल म्हणजे अमेरिकी माजी सैनिकांना शिक्षणासाठी मिळणारा सरकारी लाभ.) प्रत्यक्षात ते किती भरतं हे तुम्ही कुठल्या दारानं आत शिरता यावर ठरतं, आणि चुकीच्या दारानं गेलात तर लाभ संपतो तेव्हा हातात लायसन्स असतं, पण नोकरी मिळण्याइतके तास नसतात. ग्रीन कार्डावर अमेरिकी सैन्यात भरती झालेले आपले लोक आहेत, तिथेच वाढलेली मराठी मुलंही आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. (भारतीय सैन्यातून निवृत्त झालेल्यांना हा लाभ नाही. त्यांच्यासाठी पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम असतात, तो विषय पूर्ण वेगळा.)

आधी पात्रता. सध्याच्या, म्हणजे ९/११ नंतरच्या नव्या जीआय बिलात १० सप्टेंबर २००१ नंतर ३६ महिने सक्रिय सेवा झाली असेल तर शंभर टक्के लाभ, किमान ९० दिवस झाली असेल तर पन्नास टक्के, आणि मध्ये पायऱ्या. लाभ ३६ महिन्यांचा. १ जानेवारी २०१३ किंवा त्यानंतर सेवेतून बाहेर पडला असाल तर वापरायला मुदत नाही. सेवेचे दोन वेगळे कालखंड असतील तर जुनं माँटगोमेरी जीआय बिल आणि हे नवं बिल मिळून ४८ महिन्यांपर्यंत जाता येतं का ते जरूर तपासा. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने रुडिसिल खटल्यात माजी सैनिकाच्या बाजूने निकाल दिल्यापासून ही वाट बरीच सोपी झाली आहे.

आता दारं. मुख्य दोनच.

पहिलं दार म्हणजे स्वतंत्र फ्लाइट स्कूल, व्हीएच्या (अमेरिकेचं माजी सैनिक खातं) भाषेत ‘व्होकेशनल’. नव्या जीआय बिलात हे ऑक्टोबर २०११ पासून आलं. शाळेकडे एफएएची (अमेरिकेचं नागरी विमान वाहतूक प्राधिकरण) पार्ट १४१ मान्यता हवी, म्हणजे ठरलेला, मंजूर झालेला अभ्यासक्रम. पार्ट ६१ खाली, म्हणजे असा मंजूर अभ्यासक्रम न लागणाऱ्या नियमांनी, शिकवणाऱ्या छोट्या शाळेत कितीही चांगला प्रशिक्षक असला तरी नवं बिल तिथे पैसे देत नाही. शिवाय प्रायव्हेट पायलट लायसन्स आधीच हातात हवं. तो खर्च तुमचा, कारण प्रायव्हेट म्हणजे हौस असं व्हीए धरते. हौशी कोर्सना पैसे न देण्याचं धोरण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जीआय बिलापासूनचं आहे. तेव्हा फुकटात विमान शिकायला एवढी गर्दी झाली की १९४८ मध्ये नियम आवळावे लागले. हेलिकॉप्टरचं प्रायव्हेट पार्ट ६१ खाली कमीत कमी ४० तासांत होतं, पण ४० तासांत फार थोड्यांचं होतं. साठ तास धरा. रॉबिन्सन आर-२२ हे दोन सीटचं हेलिकॉप्टर प्रशिक्षकासह ताशी चारशे डॉलरच्या आसपास धरलं, तर २४ हजार डॉलर खिशातून गेले.

त्यानंतर व्हीए भरते ते वर्षाला ठरलेल्या मर्यादेपर्यंत. ही मर्यादा दरवर्षी १ ऑगस्टला बदलते आणि सध्या सोळा-सतरा हजार डॉलरच्या घरात आहे. घरभाडं भत्ता नाही, पुस्तकांचे पैसे नाहीत. आणि बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की मर्यादेच्या बाराव्या हिश्श्याइतकी रक्कम खर्च झाली की तुमच्या ३६ महिन्यांतला एक महिना कापला जातो. म्हणजे तीन वर्षं पूर्ण मर्यादा वापरली तर साधारण ५० हजार डॉलर मिळतात आणि लाभ शून्यावर येतो. तोच लाभ सरकारी कॉलेजात तीन वर्षांची फी आणि वर दरमहा घरभाडं देऊन गेला असता. पहिल्या दाराचा खरा भाव हा आहे.

तरीही काहींना हेच दार योग्य. पदवी आधीच आहे, नोकरी चालू आहे, शहर सोडता येत नाही, असे लोक. त्यांच्यासाठी एक साधी युक्ती : मर्यादा १ ऑगस्ट ते ३१ जुलै या वर्षाला लागू असते. एप्रिल-मेमध्ये सुरुवात केली तर जुलैअखेरपर्यंत एक मर्यादा वापरायची आणि ऑगस्टपासून दुसरी. सहा-सात महिन्यांत दोन वर्षांचे पैसे उडवता येतात, आणि हेलिकॉप्टर शिकताना सलग उडणं हीच सगळ्यात मोठी बचत असते. महिन्यात चार तास उडणाऱ्याचा एक तास मागचं विसरलेलं आठवण्यातच जातो.

दुसरं दार म्हणजे पदवी अभ्यासक्रम. कम्युनिटी कॉलेज किंवा विद्यापीठ, ज्यात उड्डाण हा पदवीचा आवश्यक भाग आहे. इथे प्रायव्हेट लायसन्सची अट नाही, शून्यातून सुरुवात करता येते. सरकारी कॉलेज असेल तर राज्यातल्या विद्यार्थ्याची पूर्ण फी व्हीए भरते, फ्लाइट फीसकट. खासगी विद्यापीठात वर्षाला मर्यादा आहे, तीस हजार डॉलरच्या आसपास, आणि तिथे यलो रिबन करार (मर्यादेवरची फी कॉलेज आणि व्हीए मिळून भरण्याचा) आहे का ते पाहावं लागतं. वर्गात प्रत्यक्ष बसत असाल आणि अर्धवेळेपेक्षा जास्त क्रेडिट असतील तर घरभाडं मिळतं. ते कुटुंब असलेल्या ई-५ (सार्जंट) हुद्द्याच्या दराने, कॉलेजच्या पिनकोडप्रमाणे. पुस्तकांना वर्षाला हजार डॉलरपर्यंत.

इतकं सरळ असतं तर हा लेख इथेच संपला असता. सरकारी कॉलेजच्या फ्लाइट फीला कमाल मर्यादा नाही हे खासगी हेलिकॉप्टर कंपन्यांच्या लवकरच लक्षात आलं. त्यांनी कॉलेजांशी करार केले, महागडी टर्बाइन हेलिकॉप्टरं अभ्यासक्रमात घातली, आणि २०१५ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने उघड केलं की काही माजी सैनिकांवर प्रत्येकी पाच लाख डॉलरहून जास्त खर्च झाला होता. त्यानंतर व्हीएने जुनाच एक नियम कडक लावायला घेतला : ८५/१५.

नियम असा. एखाद्या अभ्यासक्रमातल्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त विद्यार्थ्यांची फी पूर्ण किंवा अंशतः व्हीए भरत असेल, तर नव्या प्रवेशांना पैसे मिळत नाहीत. किमान १५ टक्के विद्यार्थी स्वतःच्या किंवा इतर पैशाने आलेले हवेत. यामागचा विचार पटण्यासारखा आहे : बाजारात कुणी स्वतःचा पैसा टाकायला तयार नसेल तर तो भाव खरा नाही. पण हेलिकॉप्टरच्या वर्गात स्वतःच्या पैशाने येणारे मुळातच कमी, आणि वर्गही छोटे. चाळीसच्या वर्गात सहा जण बाहेरचे हवेत. दोन गळाले की आकडा फिरला. आधीपासून शिकत असलेल्यांचं सहसा चालू राहतं, पण मध्ये एखादं सत्र सोडलंत तर परत येताना तुम्ही नवे धरले जाऊ शकता. म्हणून प्रवेशाआधी शाळेच्या सर्टिफायिंग ऑफिसरला (व्हीएला नोंदणी कळवणारा कर्मचारी) विचारा : या अभ्यासक्रमाचं मागच्या सत्रातलं ८५/१५ प्रमाण किती होतं? पूर्ण कॉलेजचं नको, या अभ्यासक्रमाचं. उत्तर टाळलं गेलं तर तेही उत्तरच.

आता दोनशे तास. हे पहिल्यापासून डोक्यात ठेवायला हवं, कारण शाळांच्या जाहिराती इथे गप्प असतात. कमर्शियल लायसन्स पार्ट ६१ खाली १५० तासांत मिळतं. पण दीडशे तासांच्या पायलटला कुणी कामावर घेत नाही. पर्यटन कंपन्या साधारण हजार तास मागतात, एअर ॲम्ब्युलन्सवाले दोन हजारांच्या आसपास. पार्ट १३५ (भाड्याची उड्डाणं) खाली दृश्य नियमांवर उडणाऱ्या कॅप्टनला कायद्यानेच ५०० लागतात. दीडशे ते हजार हे अंतर कापण्याचा जवळपास एकमेव रस्ता म्हणजे प्रशिक्षक होऊन शिकवणं. आणि बहुतेक शाळा रॉबिन्सनवर शिकवतात. एफएएचा १९९५ पासूनचा रॉबिन्सनसाठीचा खास नियम, एसएफएआर ७३, सांगतो की आर-२२ वर शिकवायचं असेल तर हेलिकॉप्टरवर किमान २०० तास हवेत, त्यातले ५० आर-२२ वर. प्रशिक्षकाचं लायसन्स १६० तासांवर मिळवलंत तरी आर-२२ मध्ये विद्यार्थी घेऊन बसता येणार नाही.

म्हणून अभ्यासक्रम निवडताना शेवटची ओळ आधी वाचा. प्रायव्हेट, इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणांवर उडणं), कमर्शियल, प्रशिक्षक आणि इन्स्ट्रुमेंट प्रशिक्षक, हे सगळं संपताना लॉगबुकात २०० तास दिसतात का? दिसत नसतील तर उरलेल्या तासांचे पैसे कोण देणार? व्हीए मंजूर अभ्यासक्रमातले तासच भरते. ‘जरा सराव’ म्हणून उडलेले नाही. चाळीस तास कमी पडले तर सोळा हजार डॉलर तुमचे. टर्बाइन, नाइट व्हिजन, दोरीला वजन लटकवून उडणं, हे सगळं आकर्षक दिसतं, पण दोनशे तासांच्या पायलटसाठी टर्बाइनचे पंधरा तास हे फक्त महागडे पंधरा तास असतात. तेच पैसे आर-२२ वर जास्त दिवस उडवतात.

आर-२२ बद्दल आणखी एक, कारण सैन्यातून आलेले बरेच जण अंगापिंडाने भक्कम असतात. या हेलिकॉप्टरचं कमाल वजन १,३७० पौंड. रिकामं यंत्र साधारण ८८० धरा, उरले ४९०. तुम्ही आणि प्रशिक्षक दोघेही २०० पौंडांचे (म्हणजे ९० किलोच्या आसपास) असाल तर इंधनाला ९० पौंड, म्हणजे १५ गॅलन. तासाला ८ ते १० गॅलन जातं आणि २० मिनिटांचं राखीव ठेवावं लागतं, तेव्हा सव्वा तासाचा धडा जमतो. दोघे २२० पौंडांचे असाल तर इंधन उरतं ८ गॅलन. राखीव बाजूला काढलं की अर्धा तास, म्हणजे धडा होत नाही. शिवाय सीटची मर्यादा २४० पौंड, आणि सीटखालच्या खणातलं सामान त्यातच धरायचं. मग शाळा तुम्हाला आर-४४ या मोठ्या हेलिकॉप्टरवर टाकते आणि ताशी दर दीडपट होतो. ॲरिझोना-युटाच्या उंचीवर, उन्हाळ्याच्या दुपारी, हाच हिशोब आणखी बिघडतो. वीस पौंड कमी करणं ही या प्रशिक्षणातली सगळ्यात स्वस्त गुंतवणूक आहे.

अर्ज करण्याआधी मेडिकल, म्हणजे एफएएची वैद्यकीय तपासणी, करून घ्या. व्होकेशनल दारासाठी सेकंड क्लास मेडिकल आधीच लागतं. पदवीच्या दारासाठी लागत नसलं तरी पुढे कमर्शियल उडायला लागणारच. इथे माजी सैनिकांचा ठरावीक घोटाळा होतो. व्हीएकडून पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक ताण), झोपेतला श्वासरोध किंवा नैराश्यासाठी अपंगत्व भत्ता मिळतो आणि एफएएच्या फॉर्मवर मात्र ‘नाही’ लिहिलं जातं. फॉर्ममध्ये अपंगत्व भत्त्याचा थेट प्रश्न आहे. २०२३ मध्ये एफएएने सुमारे ४,८०० पायलटांची याच कारणावरून चौकशी चालू असल्याचं सांगितलं. खरं लिहिलं म्हणून दार बंद होतंच असं नाही. विशेष मंजुरीची वाट आहे, त्यात काही नैराश्याच्या औषधांनाही २०१० पासून परवानगी मिळू शकते. पण त्याला महिनेच्या महिने लागतात. तो वेळ लाभ सुरू होण्याआधी जाऊ द्या, सत्राच्या मध्यात नको.

कागदपत्रं फार नाहीत. डीडी-२१४ (सेवामुक्तीचा दाखला) हाताशी ठेवून २२-१९९० फॉर्म ऑनलाइन भरा, पात्रतेचं प्रमाणपत्र येतं, ते सर्टिफायिंग ऑफिसरला द्या. घरभाडं मिळत असेल तर दर महिन्याला व्हीएच्या मेसेजला उत्तर देऊन नोंदणी कायम असल्याचं कळवावं लागतं. लागोपाठ दोनदा चुकलं की भत्ता थांबतो. दोन सत्रांमधल्या सुट्टीत भत्ता नाही, म्हणून डिसेंबर-जानेवारी आणि उन्हाळ्यासाठी बाजूला पैसे ठेवा. मान्यताप्राप्त परीक्षांची फी २२-०८०३ फॉर्मवर परत मागता येते, एका परीक्षेला २,००० डॉलरपर्यंत, मात्र तीही तुमच्या महिन्यांतून कापली जाते.

हवामानानं सत्र लांबलं आणि फ्लाइटचा कोर्स अर्धवट सोडावा लागला तर व्हीए पैसे परत मागते आणि ते ओझं फिरून तुमच्यावरच येतं. पहिल्यांदा सहा क्रेडिटपर्यंत सूट मिळते, एकदाच. त्यामुळे कोर्स सोडण्याऐवजी ‘अपूर्ण’ शेरा घेऊन पुढे पूर्ण करता येतो का, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

व्हीएच्या बाहेरचा जो भाग खिशातून द्यायचा तो कधीही एकरकमी देऊ नका. नेवाडातली सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स फेब्रुवारी २००८ मध्ये एका रविवारी बंद पडली तेव्हा तिथे अडीच हजारांहून जास्त विद्यार्थी होते, आणि बहुतेकांनी सुमारे ७० हजार डॉलरचं कर्ज काढून फी आधीच भरलेली होती. दहा तासांचे पैसे भरा, उडा, पुन्हा भरा. सवलतीच्या मोठ्या पॅकेजमध्ये वाचणारे पाच टक्के या जोखमीला पुरत नाहीत.

सैन्यात हेलिकॉप्टरच चालवत असाल, ब्लॅक हॉक किंवा चिनूक, तर यातलं बरंचसं तुम्हाला लागूच नाही. ‘मिलिटरी कॉम्पिटन्सी’ची लेखी परीक्षा देऊन पार्ट ६१ च्या ६१.७३ नियमाखाली कमर्शियल लायसन्स मिळतं, चेकराइड (प्रत्यक्ष उड्डाणाची परीक्षा) नाही. मग जीआय बिल हेलिकॉप्टरवर घालवण्यापेक्षा विमानाच्या रेटिंगवर घालवा. सैन्यातल्या पायलटला एअरलाइनसाठीचं मर्यादित एटीपी लायसन्स ७५० तासांवर मिळू शकतं.

पुढे भारतात परतायचं, जुहूवरून मुंबई हायला जाणारी हेलिकॉप्टरं चालवायची, असा विचार असेल तर एफएए लायसन्स तसंच चालत नाही. डीजीसीएच्या (भारताचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) लेखी परीक्षा द्याव्या लागतात आणि लॉगबुकातल्या प्रत्येक नोंदीवर सही-शिक्का तपासला जातो. तेव्हा पहिल्या तासापासून लॉगबुक नीट ठेवा, आणि शाळा सोडताना तासांचा दाखला मुख्य प्रशिक्षकाच्या सहीनं घेऊनच निघा.