आबांचा फौजेतला नंबर

"पंचवीस वर्षांनी कागद नष्ट करतात. आता काही मिळायचं नाही." आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, फौजेतल्या कागदांसाठी गेलो तेव्हा एका कचेरीतल्या एकाच खिडकीवर मी हे चार वेळा ऐकलं. शेजारी एकोणऐंशी वर्षांची माझी आई उभी होती, तिला साधं 'बसा' कुणी म्हटलं नाही. अजून आठवलं की डोकं तापतं.

आमचं गाव निपाणी तालुक्यात, वेदगंगेच्या काठाला. ऑगस्ट २०१९ च्या पुरात ट्रंक बुडाली आणि आबांच्या डिस्चार्ज बुकाचा, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेल्या सेवेच्या पुस्तकाचा, लगदा झाला. आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, १९७१ ची लढाई करून आले. पेन्शनीएवढी नोकरी मात्र झाली नाही. अशांच्या पश्चात त्यांच्या पत्नीला पासष्टीनंतर केंद्रीय सैनिक बोर्डाची मदत मागता येते, पण आबा फौजेत होते हे आधी दाखवायला लागतं.

खिडकीवरचा माणूस खोटं बोलत नव्हता. बिगरपेन्शनवाल्यांची सेवेची कागदपत्रं पंचवीस वर्षांनी नष्ट करतात हे खरंच. पण लाँग रोल, म्हणजे जवानांच्या नोंदीचं मूळ रजिस्टर, जपून ठेवतात. एवढं एक वाक्य त्यानं सांगितलं असतं तर आईच्या चार खेपा वाचल्या असत्या! सांगितलं ते गल्लीतल्या निवृत्त सुभेदारांनी. "बुकाची नक्कल मागू नको. लाँग रोल बघून सेवेचा दाखला द्या, असं लिही. रेकॉर्ड ऑफिस आपल्या बेळगावातच आहे."

पण अर्जात लिहायला आबांचा फौजेतला नंबर कुणाला पाठ होता? आईनं देव्हाऱ्यामागून खणाच्या चिंधीत बांधलेलं, ७१ च्या लढाईचं संग्राम मेडल काढलं. काळं पडलेलं. कड चिंचेनं घासली तशी अक्षरं वर आली: नंबर, हुद्दा, नाव. मोबाईलवर फोटो मोठा केला, तरी शेवटचा इंग्रजी आकडा तीन की आठ ते कळेना. शेवटी अर्जात दोन्ही नंबर लिहिले.

आणि हो, बुक गेल्याची पोलिसात तक्रार आणि बाँडवर प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. रेशनकार्डावर कानडीतलं नाव आणि फौजेतलं नाव जुळत नसेल, तर दोन्ही एकाच माणसाची आहेत हेही प्रतिज्ञापत्रातच घाला. मी विसरलो, निपाणीला परत जावं लागलं.

दाखला रजिस्टर पोस्टानं आला. नंबर आठनं संपत होता. आई म्हणाली, "मोठ्यानं वाच." नंबर, हुद्दा, भरतीची तारीख, सगळं वाचलं. तिनं परत पहिल्यापासून वाचायला लावलं.