प्लूटोला शेपूट काहून नाही?

सध्या प्लूटो आणि हॅलेचा धूमकेतू सूर्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत, हे माहीत होतं का तुम्हाला? हॅले डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या कक्षेच्या पार दूरच्या टोकाला जाऊन आला, पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३५ पट, म्हणजे नेपच्यूनच्याही पलीकडे, आणि प्लूटो पण आता साधारण तिथंच आहे. दिशा वेगळ्या आहेत बरं, शेजारीशेजारी नाहीत, पण दोघांना मिळणारं ऊन सारखंच.

नागपूरच्या रमण सायन्स सेंटरला तारांगणाचा शो पाहून निघालो तर पुतणी गाडीपर्यंत एकच विचारून राहिली, "काका, दोघंही बर्फ-दगडाचेच, मग प्लूटोला शेपूट काहून नाही?" किती मस्त प्रश्न आहे हा!

पहिली गोष्ट, एवढ्या लांब हॅलेलाही शेपूट नसते, ती सूर्याजवळ आल्यावर बर्फाचा वायू होऊन धुळीसकट बाहेर निघाला की फुटते. आणि प्लूटो जवळ येतच नाही, त्याचं सगळ्यात कमी अंतर सुद्धा ३० पटीच्या आसपास, १९८९ मध्ये होतं ते. प्लूटो सध्या सेकंदाला ५ किलोमीटरच्या वर वेगानं चाललाय, त्यामुळे सूर्याला वळसा घालत जातो, पण हॅलेचा वेग त्या टोकाला जेमतेम ०.९ किलोमीटर, एवढ्यात काही वळसा होत नाही, म्हणून तो सरळ आत सूर्याकडे ओढला जातो आणि २०६१ मध्ये आपल्याला दिसेल.

पण खरी मजा आकारात आहे. हॅलेचा गाभा १५ किलोमीटर लांब, म्हणजे सीताबर्डीहून कामठीपर्यंत. प्लूटोचा व्यास २,३७७ किलोमीटर, दिल्ली-कन्याकुमारी सरळ रेषेपेक्षाही जास्त. एवढं वस्तुमान असलं की गुरुत्वाकर्षणानं आपोआप गोल होतो आणि बर्फाचा वायू झाला तरी बराचसा धरून ठेवतो. २०१५ मध्ये न्यू होरायझन्स यान जवळून गेलं तेव्हा प्लूटोभोवती निळसर धुक्याचे थरावर थर दिसले, ते फोटो मी अजूनही उघडून बघतो. नायट्रोजनचा बर्फ उन्हानं उडतो, दुसरीकडे जाऊन परत दहिवरासारखा गोठतो, थोडा वायू निसटतो पण शास्त्रज्ञांना वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी कमी.

धूमकेतूवर असलं काही टिकतच नाही. २०१४ मध्ये फिली नावाचं छोटं यान ६७पी धूमकेतूवर उतरलं, त्याचा वेग तर माणसाच्या चालण्याएवढाच होता, तरी ते उसळून साधारण किलोमीटरभर वर गेलं आणि जवळपास दोन तासांनी कुठं थांबलं! मग वायू आणि धूळ काय टिकणार तिथं.

म्हणून मला वाटतं या दोन जाती नाहीतच, माल एकच, फक्त कोण किती मोठा झाला आणि कोणत्या रस्त्याला लागला एवढाच फरक. शनी आणि युरेनसच्या मधे फिरणारा कायरन बघा ना, १९७७ मध्ये सापडला तेव्हा लघुग्रह म्हणून नोंदला, त्याला २०६० नंबर मिळाला, पुढं त्याच्याभोवती वायू-धुळीचं आवरण दिसलं तर धूमकेतूंच्या यादीत पण ९५पी म्हणून घातला, आणि आजही तो दोन्ही याद्यांमध्ये आहे.